बेडई

मेळा उठायला अकरा दिवस होते
तेव्हा हलके कुशवाह खोगीर डोक्यावर घेऊन
माझ्या पायरीशी आला.
दुकान म्हणजे नया बाजारच्या बोळातलं,
दप्तरांच्या चेनी बदलण्याचं.
पाटीवर अजून ‘जिनगर’ आहे;
लोकांना ते आडनाव वाटतं.

‘जिज्जी, काठी घूम जात है।’

मागे ती उभी होती. बेडई.
नाव का ठेवलं ते विचारायची गरज नव्हती.
कढईतून नुकती काढल्यासारखी,
चहूबाजूंनी टम्म.
खांद्याशी उंचवटा हवा, जिथं खोगीर अडतं,
तिथं काही नाही, सरळ मान सुरू.
पाठ कुठं संपते, पोट कुठं लागतं
हे तिलाही कधी कोणी सांगितलं नसावं.

काल एका मुलासकट खोगीर
अख्खं पोटाखाली गेलं होतं.
मुलगा हसत होता. त्याची आई नाही.

तंग तर मी गुडघा लावून आवळतो, हलके म्हणाला.
म्हटलं, आवळ.
त्यानं गुडघा लावला. बेडईनं छाती भरून श्वास घेतला.
वादी चौथ्या भोकात गेली.
आम्ही दोघं बघत उभे.
मग तिनं श्वास सोडला
आणि तंग झोळीसारखा खाली लोंबला.

माझे वडील म्हणायचे, घोडं कधी खोटं बोलत नाही.
तट्टाशी त्यांचा संबंध आला नसावा.

रात्री दाभण घेऊन शिवण उसवली.
आतून निघाली लोकर, काथ्या,
कुणाच्या तरी स्वेटरची बाही,
कुठल्याशा निवडणुकीचं पिवळं फडकं.
घसरतंय म्हणून ज्यानं त्यानं भरलेलं.
भरलं की उंच होतं,
उंच झालं की कलतं,
कलतं म्हणून आणखी भरायचं.

चौथीत बाईंनी माझ्या निबंधावर लाल शाईनं
‘खोगीरभरती’ लिहिलं होतं.
मी पळत घरी येऊन वडिलांना दाखवलं,
मला वाटलं, बाईंना आपला धंदा माहीत आहे.
वडील हसले.
मग बराच वेळ दोऱ्याला मेण लावत बसले,
लावून झालेल्यालाच.

अर्धं अधिक काढून टाकलं.
तिच्या पाठीवर तार वाकवून माप घेतलं,
त्या मापाची नवी कमान छुट्टन मिस्त्रींनी काढून दिली,
इतकी पसरट की म्हणाले, ही काय म्हशीला?
तंग पुढे घेतला, कोपराच्या मागे,
जिथं तिची स्वतःचीच एक घळ आहे.
शेपटीखालून दुमची, तिच्यात जवस,
तेल सुटत राहतं, कातडं काचत नाही.
हे एक वडिलांचं. बाकी
कुणी शिकवलं नव्हतं, तिनंच सांगितलं.

सकाळी मेळ्यात धुकं होतं, गिऱ्हाईक नव्हतं.
हलके म्हणाला, तुम्हीच बसून बघा.
छप्पन्न वर्षं झाली,
खोगिराची मी फक्त खालची बाजू पाहिली होती.

गजकचं रिकामं खोकं पालथं घातलं, त्यावर चढले.
पलीकडची रिकीब हलकेनं दाबून धरली.
पाय टाकला.
खोगीर करकरलं, बाकावर माणूस सरकून बसतो तसं
जरासं हललं, आणि थांबलं.
तंगात माझी दोन बोटं सहज जात होती.
बेडईनं मागे वळून पाहिलं,
नाक फुरफुरवलं, चालू लागली.

वरून मेळा फारसा वेगळा दिसत नाही.
हलकेचं टक्कल दिसतं.
पत्र्यावरचे दवाचे थेंब दिसतात.
एका दुकानात लाखेच्या बांगड्या मांडत होते,
भाव दिसतोय का म्हणून मी उजवीकडे वाकले,
थोडी आणखी वाकले,
आणि सावकाश, अगदी मानानं,
खाली आले.

खोगीर जागच्या जागी.
हलकेनं आधी ते बघितलं, हात लावून.
मग मला.

‘काठी तो बढ़िया बैठी, जिज्जी।’